काठीच्या होळीचे सहा लेखक

शोधनिबंध लिहिणं फारसं अवघड नसतं. त्यावर कोणाकोणाची नावं टाकायची हे ठरवणं अवघड असतं, आणि हा प्रश्न डॉ. राजेंद्र बोरसे यांना वैद्यकीच्या कुठल्याही परीक्षेत आला नव्हता. आला असता तर ते नापास झाले असते आणि पुढचा सगळा प्रकार टळला असता.

डॉक्टर बोरसे अक्कलकुव्याबाहेरच्या एका ट्रस्टच्या रुग्णालयात त्वचारोग पाहत. दरवर्षी होळी झाली की काठी आणि मोलगी या डोंगरातल्या गावांकडून काही माणसं कमरेवर सोललेली कातडी आणि तळपायाला फोड घेऊन येत. होळीचं व्रत पाळणारे हे बावा अंगाला राख फासून, कमरेला मोठ्या घुंगरांचा पट्टा बांधून रात्रभर नाचतात. डॉक्टर मलम देत आणि म्हणत, "यावर कोणीतरी अभ्यास करायला पाहिजे." असं ते बारा महिने कशावर ना कशावर म्हणत असत. त्यांच्या कल्पना सहसा चहाबरोबर संपत. पण यंदा हे वाक्य त्यांनी चुकून डॉ. ग्रेसी गावित हिच्यासमोर उच्चारलं.

ग्रेसी नवापूरकडची. रुग्णालयात नुकतीच लागलेली, तरतरीत, आणि समोरच्याचं बोलणं खरं मानायची खोड असलेली. ती म्हणाली, "मग करू या ना, सर." डॉक्टरांना नाही म्हणायला कारण सुचलं नाही.

तिने काठीत जाऊन जाणत्यांची परवानगी घेतली, ट्रस्टच्या समितीची घेतली, होळीच्या आधी बावांना तपासलं आणि होळीनंतर पुन्हा तपासलं. डॉक्टरही होळीला गेले होते. सुरुवातीचा बराच वेळ ते जागे होते. मात्र एक गोष्ट त्यांच्याच ध्यानात आली, आणि ती महत्त्वाची होती: ज्यांनी पट्टा नायलॉनच्या दोरीने बांधला त्यांची कातडी सोलली होती, ज्यांनी खाली सुती कापड घेतलं त्यांची शाबूत होती. ग्रेसीने निबंध लिहिला. डॉक्टरांनी तो तपासला, दोन परिच्छेद कापले, त्यातला एक पुन्हा घातला आणि स्वल्पविराम हलवले. निबंध सुरेख झाला. ग्रेसीला दक्षिणेतल्या एका संस्थेत सार्वजनिक आरोग्याच्या पुढच्या शिक्षणासाठी अर्ज करायचा होता, आणि छापलेला, निदान छापायला स्वीकारलेला एक तरी निबंध हाताशी असल्याशिवाय तो अर्ज कोणी उघडूनही पाहणार नव्हतं. डॉक्टरांचं तसं काहीच अडलेलं नव्हतं. त्यांना फक्त आयुष्यात एकदा छापून यायचं होतं, आणि शक्यतो पहिल्या नावाने.

ज्या मासिकाकडे निबंध पाठवायचा होता त्याचे नियम डॉक्टरांनी रविवारी ओट्यावर बसून मोठ्याने वाचले. लेखक म्हणवून घ्यायचं तर चार गोष्टी हव्यात. कामात खरा वाटा हवा. लिहिण्या-तपासण्यात हात हवा. शेवटचा मसुदा वाचून मान्य केलेला हवा. आणि उद्या कोणी जाब विचारला तर उत्तर द्यायची तयारी हवी. ही चौथी अट डॉक्टरांनी घाईत वाचली, कारण तेवढ्यात शेजारचे भिकनआप्पा आले.

भिकनआप्पांचा छापखाना होता. लग्नपत्रिका, वाढदिवसाचे फलक, दुकानाच्या उद्घाटनाची निमंत्रणं, सगळं तिथेच होई. त्यामुळे नावं या विषयात तालुक्यात त्यांच्याएवढा अधिकार दुसऱ्या कोणाचा नव्हता.

"किती नावं शेत?" त्यांनी विचारलं.

"दोन. ग्रेसी आणि मी."

आप्पांनी कपाळाला हात लावला. "डाक्टर, पत्रिकामा नाव सुटनं ते माणूस लगीनले येस, पण जेवस नही. तीस वरीस व्हयनात, मी पत्रिका छापी ऱ्हायनू. आजलोंग नावं जास्त व्हयनात म्हनीसन कोनले राग उना नही."

"आप्पा, ही लग्नपत्रिका नाही."

"मंग तुम्हना साहेबले इचारी ल्या," आप्पा म्हणाले आणि चहा पिऊन गेले.

हा सल्ला डॉक्टरांनी मानला. याला त्यांचा स्वभाव जबाबदार आहे. त्यांच्या स्वतःच्या लग्नाच्या पत्रिकेत निमंत्रकांची नावं इतकी झाली होती की लग्नाची वेळ पाठीमागच्या पानावर गेली होती, आणि निम्मं वऱ्हाड अक्षता पडल्यावर पोचलं होतं. तरीही त्या पत्रिकेबद्दल घरात कोणी वाईट बोलत नाही, कारण तिच्यात सगळे आहेत.

वैद्यकीय अधीक्षक डॉ. नवलसिंग गिरासे यांनी निबंध हातात घेतला, पहिलं पान पाहिलं, शेवटचं पान पाहिलं आणि विचारलं, "यात मी कुठे आहे?"

"सर, तुम्ही त्या वेळी रजेवर होता."

"रजेवर होतो म्हणूनच तुम्ही जाऊ शकलात, बोरसे. रजा रद्द केली असती तर?"

हा युक्तिवाद बिनतोड होता. शिवाय अधीक्षक नुसत्या नावावर समाधान मानणारे नव्हते. आपलाही काही वाटा असावा म्हणून त्यांनी पेन काढून प्रस्तावनेत एक वाक्य घातलं: 'पादत्राणांच्या अभावी हे नर्तक अनवाणी नाचतात.' मग ते पुन्हा पुन्हा वाचलं आणि म्हणाले, "आता निबंधाला सामाजिक उंची आली."

अधीक्षकांचं नाव आलं म्हटल्यावर ट्रस्टच्या अध्यक्षांचं आलंच, कारण रुग्णालयाच्या गेटवरसुद्धा त्यांचं नाव अधीक्षकांच्या वर आहे. अध्यक्षांचं आलं म्हणून त्यांच्या पुण्यातल्या डॉक्टर जावयाचं आलं. जावई इंग्रजी तपासणार होते. त्यांनी निबंध मिळाल्यावर मोबाइलवर एक अंगठा पाठवला, तेवढंच तपासणं. शल्यचिकित्सकांची जीप काठीला नेली होती, तेव्हा जीपमालक म्हणून ते आले. आणि अधीक्षकांच्या पत्नीही डॉक्टर असल्यामुळे त्या आल्या. त्यांचं प्रसूतिगृह होतं. होळीशी त्यांचा संबंध पुरणपोळीपुरता होता.

एवढं झाल्यावर कळलं की अशा छोटेखानी निबंधाला मासिक सहापेक्षा जास्त लेखक घेत नाही. नावं सात झाली होती.

अधीक्षकांनी यादीवरून पेन फिरवलं. ते अध्यक्षांवरून घसरलं, जावयांवरून घसरलं, स्वतःच्या पत्नीवरून तर फारच चटकन घसरलं, आणि ग्रेसीपाशी येऊन थांबलं. "हिला शेवटी ऋणनिर्देशात घेऊ. तरुण मुलगी आहे. पुढे खूप संधी येतील."

डॉक्टर बोरसे म्हणाले, "बघतो, सर." या दोन शब्दांनी त्यांनी आजवर अनेक संकटं पुढे ढकलली होती.

ग्रेसीला सांगताना त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. ती शांतपणे म्हणाली, "म्हणजे निबंध मी लिहिला आणि आभार माझे मानणार?"

"तसं नाही गं. ती एक पद्धत असते."

"कुठली पद्धत, सर? नियम तुम्हीच वाचून दाखवलेत ना मला? अर्जाला महिना उरलाय. ऋणनिर्देश जोडून चालेल का, विचारू त्यांना?" आणि ती बाह्यरुग्ण विभागात निघून गेली. ती चिडली असती तर डॉक्टरांना बरं वाटलं असतं. त्यांना खरोखर लाज वाटली. लाज वाटत असतानाच त्यांनी निबंध पाठवायला घेतला.

मासिकाच्या संकेतस्थळावर प्रत्येक लेखकासमोर त्याने नेमकं काय केलं ते ठरावीक पर्यायांतून निवडायचं होतं. कल्पना, आराखडा, माहिती गोळा करणं, विश्लेषण, लेखन. अध्यक्षांसाठी 'आशीर्वाद' हवा होता, तो यादीत नव्हता. डॉक्टरांनी 'साधनसामग्री' निवडलं, कारण अध्यक्षांनी पूर्वी एकदा त्वचारोग विभागाला खुर्ची दिली होती. शल्यचिकित्सकांनाही साधनसामग्रीच दिली. अधीक्षकांच्या पत्नींपुढे त्यांनी डोळे मिटून 'विश्लेषण' निवडलं. मग प्रत्येक लेखकाला पडताळणीचा आकडा गेला. अध्यक्षांचा आकडा त्यांच्या नातवाच्या फोनवर गेला, आणि नातू क्रिकेट खेळायला शहाद्याला गेला होता. तो येईपर्यंत आकडा मेला. दुसरा मागवला, तोही मेला. शेवटी नातवाला मैदानावरून फलंदाजी सोडून आकडा सांगायला लावला. तो त्या गडबडीत बाद झाला आणि या निबंधावर तेव्हापासून डूख धरून आहे.

त्या रात्री जेवताना डॉक्टर बोरशांच्या पत्नी सीमाताईंनी त्यांना विचारलं, "आनि ग्रेसीनं नाव कोठे शे?"

"शेवटी आहे. आभारात."

सीमाताईंनी पुढची भाकरी त्यांच्या ताटात न वाढता डब्यात ठेवली.

मासिकाकडून दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: 'आपला निबंध मिळाला. धन्यवाद.' हे उत्तर संगणक आपोआप पाठवतो, पण अधीक्षकांना 'धन्यवाद' हा शब्द पुरेसा झाला. "परदेशातून धन्यवाद आलेत," त्यांनी अध्यक्षांना फोनवर सांगितलं. दोन दिवसांत भिकनआप्पांच्या छापखान्यातून भलामोठा फलक निघाला आणि बस स्टँडवर लागला. वर लिहिलं होतं: 'काठीच्या होळीवर आंतरराष्ट्रीय संशोधन! चपलांअभावी अनवाणी नाचणाऱ्या बांधवांच्या वेदना जगासमोर मांडणाऱ्या संशोधकांचे हार्दिक अभिनंदन!' खाली अध्यक्षांचा कमरेपर्यंतचा फोटो, त्यांच्या खांद्याशी अधीक्षक, मग सपत्नीक अधीक्षक असा दुसरा फोटो, जीपमालक, जावई, आणि डाव्या कोपऱ्यात, खांबाची दोरी बांधायच्या भोकाजवळ, पोस्टाच्या तिकिटाएवढे डॉक्टर बोरसे. तो फोटो त्यांच्या लग्नातला होता. मुंडावळ्या आप्पांनी संगणकावर पुसल्या होत्या, एक राहिली होती.

ज्यांच्या डोक्यातून हे सगळं निघालं त्यांनी हा फलक स्टँडवर उभं राहून पाहिला. एक प्रवासी शेजारच्याला म्हणाला, "तो कोपऱ्यातला बहुतेक कंपाउंडर असेल." डॉक्टर पायी घरी आले.

पण फलक फक्त त्यांनीच वाचला नव्हता. काठीकडच्या जीपही त्याच स्टँडवर लागतात.

सत्काराचा कार्यक्रम बाह्यरुग्ण विभागाच्या दालनात ठेवला होता. शाली आल्या, नारळ आले, रुग्णांना भिंतीकडे सरकवून खुर्च्या मांडल्या. जावईसुद्धा पुण्याहून आले होते. शाली पांघरून झाल्या आणि पहिला हार पडतो आहे तोच बाहेर जीप थांबली आणि काठीची सात-आठ माणसं आत आली. पुढे दलसिंग वसावे होता. पांढरा सदरा, पिकलेल्या मिशा. स्वतः बरीच वर्षं बावा झालेला, आणि होळीच्या बाबतीत ज्याचा शब्द गावात चालतो असा माणूस. अधीक्षकांना वाटलं, मंडळी सत्काराला आली. त्यांनी खुर्च्या मागवल्या.

दलसिंग बसला नाही. त्याने विचारलं, "बस स्टँडवर लिहिलंय ते तुमचं काय?"

"आमचंच!" अध्यक्ष हसत म्हणाले. "आम्हा सगळ्यांचं."

"सगळ्यांनी लिहिलं?"

"सहाही जणांनी," अधीक्षक म्हणाले. "सामूहिक परिश्रम आहेत."

दलसिंगने खाली वाकून पायातली चप्पल काढली आणि हातात घेतली.

दालनात एकदम जागा झाली. अध्यक्षांनी नारळ छातीशी धरला. जावई पाहुण्यांच्या मागच्या रांगेत गेले. वास्तविक दलसिंग चप्पल फक्त दाखवत होता, पण चप्पल हातात असलेल्या माणसाचा हेतू विचारत बसण्याची आपल्याकडे पद्धत नाही.

"ही काय आहे?" तो म्हणाला. "घरी अजून दोन जोड आहेत. माझा पोरगा सुरतेला चपलांच्याच कारखान्यात आहे. होळीचं पाळतो म्हणून आम्ही चपला काढून ठेवतो. आमच्या पायात घालायला नाही, असं जगाला कोणी सांगितलं? फोटोवाले सहा जण आहेत ना? एकाने सांगा. आणि आणखी काय काय लिहिलंय? नाचणं बंद करा म्हणून लिहिलंय काय?"

अध्यक्षांनी गळ्यातला हार काढला. "हे बघा भाऊ, मी नुसता अध्यक्ष आहे. मला इंग्रजी वाचता येत नाही."

"माझी फक्त जीप होती," शल्यचिकित्सक म्हणाले. "तीसुद्धा डिझेल भरून परत दिली नाही."

अधीक्षकांच्या पत्नी म्हणाल्या, की त्यांना या प्रकाराची कल्पना आज, इथे, प्रथमच येत आहे. हे अक्षरशः खरं होतं. जावयांना महत्त्वाचा फोन आला, जो वाजलेला कोणीही ऐकला नाही. आणि अधीक्षक, ज्यांचं ते वाक्य होतं, चष्मा काढून खिशात ठेवत म्हणाले, "मी त्या काळात रजेवर होतो. रजेचा अर्ज फाइलला आहे."

डॉक्टर बोरसे खांबाआड उभे होते. फलकावर ते इतके लहान होते की ओळखू येण्याची भीती नव्हती. मुकाट्याने मागच्या दाराने निघून जाता आलं असतं. हे त्यांच्या मनात आलं, आणि ते सावकाश त्या दाराकडे वळलेही.

तेवढ्यात तपासणीच्या खोलीतून ग्रेसी बाहेर आली. गळ्यात स्टेथोस्कोप, हातात एका लहान मुलाचं अर्धवट बांधलेलं बँडेज. "दादा," ती दलसिंगला म्हणाली, "निबंध मी लिहिलाय. काय विचारायचंय ते मला विचारा."

"तुझा फोटो तर नाही."

"फोटो नाही. पण लिहिलाय मीच. तुमच्याच ओसरीवर बसून विचारलं होतं सगळं."

दलसिंगने तिला ओळखलं. "मग तुला आम्ही सांगितलं होतं ना, चपला का घालत नाही ते?"

ग्रेसी गप्प झाली. ते वाक्य कोणाचं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिने अधीक्षकांकडे पाहिलंसुद्धा नाही. तिच्या त्या गप्प राहण्याने डॉक्टर बोरशांचे पाय मागच्या दारापाशी अडले, आणि मग ते वळून चालत दालनाच्या मधोमध आले. शाल अजून अंगावर होती, ती त्यांनी आधी काढली.

"ते वाक्य हिचं नाही," ते म्हणाले. "नंतर घातलं गेलं. ते घातलं जाताना मी समोर होतो आणि गप्प बसलो. निबंधावर माझं नाव आहे, तर चूक माझी. ते काढतो."

"तुम्ही कोण?"

"डॉक्टर बोरसे. फलकावर आहे मी. कोपऱ्यात."

दलसिंगने चप्पल खाली टाकून पायात घातली आणि आता कुठे खुर्चीत बसला. "वाचा सगळं," तो म्हणाला. मग ग्रेसीने अख्खा निबंध मराठीत सांगितला आणि डॉक्टरांनी मध्ये मध्ये भर घातली. नाचणं बंद करा असं कुठेही नव्हतं. पट्ट्याखाली सुती कापड घ्या, एवढंच होतं. दलसिंगसोबतच्यांनी आपसात भिलीत चर्चा केली. शेवटी तो म्हणाला, "कमरेचं बरोबर लिहिलंय. पायाचं नीट करा. आणि पालनी म्हणजे काय तेही लिहा, नवस पाळतो तो. नाहीतर बाहेरच्याला कसं कळणार?" मग चहा झाला. सत्कारासाठी आणलेले पेढे काठीच्या मंडळींना दिले, कारण सत्कारमूर्ती शिल्लक नव्हते.

संध्याकाळी फलक उतरला. दुसऱ्या दिवशी सकाळपासून नावं काढायला रांग लागली. ज्या अध्यक्षांचा पडताळणीचा आकडा मिळवायला घाम फुटला होता, त्यांचा आता पाच मिनिटांत आला. नातवाला खास शेजारी बसवून घेतलं होतं. अधीक्षकांनी तर लेखी कळवलं, की त्यांचा या निबंधात कोणताही वाटा नव्हता व नाही. सगळे दोनदोनदा विचारून गेले, "निघालं ना नक्की?"

सीमाताई म्हणाल्या, "आठ दिन नाव लावतस, नववा दिन काढतस. याले काय संशोधन म्हनतस?"

मासिकाच्या संपादकबाईंनी खुलासा मागवला: पाच लेखक एकदम का जात आहेत, आणि ही नवी लेखिका कुठून आली? डॉक्टरांनी पहिल्यांदाच आडपडदा न ठेवता लिहिलं, की गेलेल्या पाच जणांनी काही केलेलं नव्हतं आणि आलेल्या एकीने बहुतेक सगळं केलेलं होतं. बदललेला निबंध सोबत जोडला. मग नावांचा क्रम द्यायचा होता. दोनच चौकोन. डॉक्टरांनी स्वतःचं नाव वर नेलं, खाली आणलं, पुन्हा वर नेलं. कल्पना त्यांची होती. दोरी त्यांना दिसली होती. पण त्या दिवशी दालनात आधी कोण आलं आणि मागून कोण आलं, हे सगळ्या अक्कलकुव्याने पाहिलं होतं. त्यांनी ग्रेसीचं नाव वर ठेवलं आणि पाठवून दिलं. मन बदलायच्या आत संगणकही बंद केला.

ग्रेसीला सांगितल्यावर ती आभार मानेल, निदान डोळे तरी पाणावतील, अशी त्यांची अपेक्षा होती. ती म्हणाली, "बरोबर आहे, सर."

निबंध स्वीकारल्याचं पत्र अर्जाची मुदत संपायच्या आदल्या आठवड्यात आलं. ग्रेसीची निवड झाली. स्थानिक वर्तमानपत्राने बातमी छापली: 'नवापूरच्या कन्येची भरारी.' तीत लिहिलं होतं, की काठीच्या होळीवरचा गाजलेला निबंध डॉ. ग्रेसी गावित व इतर एक यांनी लिहिला आहे.

"हाऊ इतर एक कोन शे?" सीमाताईंनी विचारलं.

"मी," डॉक्टर म्हणाले. त्यांना चहा कडू लागला. थोड्या वेळाने तो तितका कडू लागेना. सहातल्या पाच जणांनी आपणहून काढता पाय घेतला आणि उरला तो इतर एक, हे मनात दोनतीनदा म्हटल्यावर बरं वाटायला लागलं, आणि त्यांनी दुसरा कप मागितला. तो लगेच मिळाला.

सोमवारी ते अधीक्षकांच्या खोलीत सही घ्यायला गेले. आत नाशिकहून आलेले एक मोठे डॉक्टर बसले होते. वर्तमानपत्र टेबलावर उलगडलेलं होतं आणि अधीक्षकांचं बोट नेमकं त्या ओळीवर होतं.

"आपल्याला प्रसिद्धीचा सोस नाही," अधीक्षक खालच्या आवाजात सांगत होते. "तरुणांना पुढे करायचं. आपण काय, 'इतर एक'." आणि त्यांनी विनयाने मान खाली घातली.

पाहुणे भारावले. डॉक्टर बोरसे दारातून आत आले. मग म्हणाले, "सर, काठीहून दलसिंगभाऊ आलेत. त्या 'इतर एक' माणसाला भेटायचंय म्हणतात."

अधीक्षक ताडकन उठले. टेबलाला वळसा घालून आले आणि डॉक्टर बोरशांच्या खांद्यावर हात ठेवून पाहुण्यांना खणखणीत आवाजात म्हणाले, "हेच ते! डॉ. राजेंद्र बोरसे. निबंधाचे दुसरे लेखक. सगळं श्रेय यांचं, मी कधीपासून हेच सांगतोय!"

पाहुण्यांनी उठून हात मिळवला. डॉक्टरांनी सही घेतली आणि सावकाश आपल्या विभागाकडे निघाले. दलसिंग त्या दिवशी मोलगीच्या बाजारात होता.